पैलवानाच्या मरणाला कारण असते

इंग्रजी रहस्यकथेबद्दल आपल्याकडे एक मत वर्षानुवर्षे ठामपणे मांडले जाते. भरल्या मैदानात खेळाडू कोसळतो, गर्दीला वाटते दम लागला असेल, आणि मग स्कॉटलंड यार्डचा कोणी इन्स्पेक्टर येऊन त्या मरणाचा एकेक धागा उसवत बसतो. ही गोष्ट तिकडेच शोभते, आपल्या मातीत ती उगवणार नाही, असे ते मत. आपला पैलवान आखाड्यात गेला तर त्यात उकलण्यासारखे काही नसते, ते त्याचे प्राक्तन असते, आणि त्यावर प्रश्न विचारणे म्हणजे तालमीला, गावाला आणि गेलेल्या पोराला बट्टा लावणे, इथपर्यंत ते जाते. मला या मताचा प्रतिवाद करायचा आहे. वाङ्मयाविषयीचे मत म्हणून ते सुरू होते आणि माणसांच्या जिवाशी येऊन थांबते. जोतिबाच्या डोंगराभोवतीच्या गावांत चैत्र-वैशाखात जी मैदाने भरतात, त्यांना त्या इंग्रजी कथेतला इन्स्पेक्टर नको असेल. पण तो ज्या एका गोष्टीवर हटून बसतो तिची त्यांना आज गरज आहे. कारण कळल्याशिवाय मरण नोंदवून मोकळे व्हायचे नाही, ही ती गोष्ट.

आधी त्या कथेकडेच नीट पाहू, कारण तिला नावे ठेवणाऱ्यांनी बहुधा तिचा शेवट तेवढा लक्षात ठेवलेला असतो. लेनर्ड ग्रिबलची ‘द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी’ १९३९ साली आली. लंडनच्या आर्सेनल संघाविरुद्ध ट्रोजन्स नावाच्या हौशी संघाचा सामना चालू आहे, आणि त्या हौशी संघातला जॉन डॉइस हा खेळाडू हजारो प्रेक्षकांसमोर खाली कोसळून मरतो. अंगावर कुठेही घाव नाही, कोणी त्याला हातही लावलेला नाही. ज्या मरणाला आपण सहज ‘हार्ट ॲटॅक’ म्हणून मोकळे झालो असतो, तेच हे. इन्स्पेक्टर स्लेड मात्र विचारतो: सामन्याआधी त्याने काय खाल्ले-प्यायले, विश्रांतीच्या वेळेत त्याच्या हाती काय आले, कपडे बदलण्याच्या खोलीत कोण होते. पुढे विष सापडते, खुनी सापडतो, आणि वाचकाची करमणूक होते हे खरे. पण खुनी सापडण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट घडून गेलेली असते. एका निरोगी तरुणाचे शरीर असे अचानक थांबत नाही, हे कोणीतरी मोठ्याने म्हटलेले असते. कथेचे सगळे बळ त्या पहिल्या वाक्यात आहे.

‘इंग्रजी कथेला खुनी हवाच असतो, म्हणून ती संशय पेरते’ हा आक्षेपही तपासून घ्यायला हवा. शेरलॉक होम्सची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा १८९२ ची, खेळाच्याच जगातली. शर्यतीचा घोडा नाहीसा झाला आहे, त्याला शिकवणारा जॉन स्ट्रेकर डोके फुटून माळावर मेला आहे, आणि पोलिसांनी फिट्झरॉय सिम्प्सन नावाच्या माणसाला पकडून ठेवले आहे. गाव, पोलीस आणि वर्तमानपत्रे यांच्या लेखी प्रकरण संपलेले आहे. होम्स शेवटी दाखवतो की खून कोणी केलेलाच नाही. स्ट्रेकर स्वतःच त्या घोड्याला गुपचूप लंगडा करायला गेला होता, आणि बिथरलेल्या घोड्याच्या लाथेने तो मेला. म्हणजे या कथापरंपरेतल्या एका सर्वांत गाजलेल्या तपासाचे फलित काय, तर एका निरपराध माणसाची सुटका. संशय गावात आधीच पेरलेला होता. तपासाने तो काढून टाकला. जोतिबाच्या परिसरात ‘चौकशी नको, उगाच संशय वाढेल’ असे म्हणणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. जोतिबाच्या वाडी रत्नागिरीवर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर लाल होतो, आणि त्याच हंगामात पन्हाळा, करवीर, शाहूवाडीकडच्या गावागावांत यात्रेची मैदाने ठरतात. हलगी घुमते, तांबडी माती ओली करून खणली जाते, आणि लहान पोरांच्या खोबऱ्याच्या कुस्त्यांपासून लाखाच्या इनामापर्यंत जोडी लागत जातात. या प्रथेविषयी माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. १९१२ साली खासबाग मैदान बांधून पूर्ण करणाऱ्या शाहू महाराजांच्या जिल्ह्यात कुस्ती ही केवळ करमणूक कधीच नव्हती. शेतमजुराचे पोर ताठ मानेने चालू शकेल अशी ती एक जागा होती. म्हणूनच २०१८ च्या चैत्रात जे झाले ते विसरणे अपराध ठरेल. जोतिबाच्या यात्रेनिमित्त पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात भरलेल्या मैदानात एक विशीतला पैलवान डावात उचलला गेला, मानेवर पडला, आणि उपचार चालू असताना दगावला. ते दृश्य अनेकांच्या मोबाइलमध्ये टिपले गेले आणि महाराष्ट्रभर फिरले. सगळ्यांनी मरण पाहिले होते, त्यामुळे कारणही पाहिले असे सगळ्यांना वाटले. हाच तो घोटाळा. पडताना दिसणे वेगळे आणि मरणाचे कारण कळणे वेगळे.

मानेवर पडलेला प्रत्येक जण मरत नाही. तांबड्या मातीत वर्षभरात कितीतरी पोरे मानेवर पडतात आणि उठून शड्डू ठोकतात. एखादा उठत नाही तेव्हा विचारायच्या गोष्टी पुष्कळ असतात. माती किती खोल खणली होती, की वर पाणी मारून फक्त ओली दाखवली होती? जोड वजनकाट्यावर लावली, की नजरेने? पंचाने कुस्ती कधी थांबवली? आणि सर्वांत महत्त्वाचे, तो पडल्यानंतर पुढच्या काही मिनिटांत त्याचे काय केले? मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघणाऱ्या नसा श्वासपटल चालवतात. तिथे मणका सरकलेला असेल, आणि चार जणांनी घाईने हातपाय धरून पोराला उचलले, मान लोंबकळू दिली, जीपच्या मागच्या बाकावर आडवे टाकले, तर जी मज्जारज्जू पडताना वाचली होती ती उचलताना जाऊ शकते. उचलणाऱ्यांचा हेतू माणूस वाचवण्याचाच असतो, आणि त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण कारण ‘डाव’ असे लिहिले गेले की उचलण्याची ती मिनिटे कोणी तपासत नाही, आणि पुढच्या चैत्रात पुढचे पोर तसेच उचलले जाते. एक कडक फळी, मानेचा पट्टा आणि तो बांधायला शिकलेली दोन माणसे एवढ्याने जे टळेल, ते नियतीच्या खात्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मान मोडली तर निदान ती दिसते. तालमीत पहाटे जोर मारताना, किंवा मेहनत करून घरी जाऊन झोपल्यावर गेलेल्या पोराचे काय? अशा बातम्या आपण दर काही महिन्यांनी वाचतो आणि त्यांत कारण म्हणून ‘हृदयविकाराचा झटका’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे छापलेले असते. हृदयक्रिया प्रत्येक मेलेल्या माणसाची बंद पडते. म्हणूनच मृत्यूच्या दाखल्यावर ते कारण म्हणून लिहू नये, असे वैद्यकीचे विद्यार्थी जगभर शिकतात. ती कशाने बंद पडली, हा खरा प्रश्न, आणि विशी-पंचविशीच्या पैलवानाच्या बाबतीत त्याची उत्तरे एकमेकांपासून फार दूरची आहेत. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होत जाण्याचा विकार असू शकतो, आणि तो घराण्यात चालत येतो. म्हणजे त्याच तालमीत जोर मारणारा धाकटा भाऊ त्याच वाटेवर असू शकतो, आणि थोरल्याचे हृदय नीट तपासले गेले तरच धाकट्याला कोणी वेळेवर थांबवेल. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवलेले असू शकते. वैशाखाच्या उन्हात अशा शरीरातले क्षार ढासळतात आणि उष्माघात गाठतो. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला दणकाही निरोगी हृदयाची लय मोडू शकतो. आणि खुराकात कोणीतरी काहीतरी मिसळून दिलेले असू शकते, ही शक्यता उच्चारायला सगळ्यांना जड जाते.

ती मी उच्चारतो. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी खाली आलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे इंजेक्शन. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते मिळू नये, पण व्यायामशाळांतल्या पोरांना ‘दम वाढतो’ म्हणून विकले जाते, आणि त्याचे बेकायदा साठे महाराष्ट्रात पोलिसांनी वेळोवेळी पकडलेले आहेत. स्नायू फुगवणारी संप्रेरके तर त्याहून जुनी. इंग्रजी कथेतला विषाचा भाग आपल्याला परका वाटतो. इथे कोणी मत्सराने विष घालत नाही. पोराला लवकर मोठा करण्याच्या भरात, कदाचित प्रेमानेच, ते टोचले जाते. पण शरीराला हेतू कळत नाही. रक्त आणि लघवीचे नमुने वेळेत घेतले नाहीत तर काही द्रव्यांचा माग उरत नाही, आणि विकणारा गल्लीत तसाच बसून राहतो. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढणीवर उन्हात कोसळून मेला. तेही मरण लाखोंनी पाहिले होते, आणि ऊन, थकवा, जिद्द अशी सुंदर कारणे हाताशी तयार होती. शवविच्छेदनात उत्तेजक द्रव्य आणि मद्य सापडले. त्याच्या चाहत्यांना ते झोंबले, आजही झोंबते. पण पुढच्या वर्षीच्या शर्यतीत उत्तेजकांच्या चाचण्या नियमित झाल्या, आणि सिम्प्सनचे स्मारक त्या घाटात आजही उभे आहे. खरे कारण कळल्याने त्याची थोरवी कमी झाली नाही.

कारण शोधल्याने मेलेला परत येत नाही, मग काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना इटलीतल्या पादुआकडे बोट दाखवावे लागेल. तिथल्या व्हेनेतो प्रांतात अचानक मेलेल्या तरुणांची हृदये वर्षानुवर्षे काळजीने तपासली गेली, आणि त्या टेबलावर हृदयाच्या उजव्या कप्प्याचा एक विकार खेळाडूंचा जीव घेतो आहे हे कळून आले. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाची हृदयतपासणी सक्तीची आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासानुसार, त्या प्रांतातल्या तरुण खेळाडूंमधले हृदयाचे अचानक मृत्यू १९७९ ते २००४ या काळात जवळजवळ ८९ टक्क्यांनी घटले. या आकड्यांवर वाद आहेत. इस्रायलमध्ये तपासणी सक्तीची करूनही फरक पडला नाही असे तिथल्या संशोधकांनी दाखवले आहे, आणि सगळी घट एकट्या तपासणीच्या नावावर जमा करणे मलाही पटत नाही. पण तो वाद तरी का घालता येतो? दोन्हीकडे मेलेल्यांची मोजदाद आहे, म्हणून. आपल्याकडे वाद घालायला आकडा नाही. फक्त हळहळ आहे आणि वर्षश्राद्धाचे मैदान आहे.

यानंतर येतो सर्वांत जड आक्षेप, आणि तो मी हलका करणार नाही. चौकशी म्हटले की समोरच्या पैलवानाचे नाव येणार. त्याने डाव टाकला, जोडीदार मेला; त्या पोराला आयुष्यभर ते वागवायचेच आहे, वर पोलिसांची ये-जा कशाला? मला वाटते, या आक्षेपात करुणा खरी आहे आणि निष्कर्ष नेमका उलटा आहे. चौकशी झाली नाही म्हणून गाव गप्प बसते का? पारावर, रसवंतीवर, परतीच्या वडापमध्ये कुजबुज चालूच राहते: मुद्दाम आपटला, जुने वैर होते, इनामासाठी केले. त्या पोराला या कुजबुजीपासून सोडवणारा कागद कोणता? २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर शॉन ॲबटचा उसळता चेंडू फिलिप ह्यूजच्या मानेवर बसला आणि दोन दिवसांनी ह्यूज गेला. न्यू साउथ वेल्सच्या कोरोनरने, म्हणजे अचानक मरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, २०१६ साली रीतसर सुनावणी घेतली, साक्षी ऐकल्या, चित्रफिती पाहिल्या, आणि कोणाचाही दोष नाही असे लिहून ठेवले. ॲबटच्या बाजूने त्याहून भक्कम काय असू शकते? त्याच निकालात रुग्णवाहिका बोलावण्यातल्या गोंधळाची नोंद झाली, त्याने निकाल बदलला नसता हेही सांगितले गेले, आणि मानेच्या संरक्षणाचा विषय लावून धरला गेला. २०२३ पासून ऑस्ट्रेलियात वेगवान गोलंदाजीसमोर शिरस्त्राणाला मानेची ढाल सक्तीची आहे. दोषी शोधणे आणि कारण शोधणे या दोन वाटा वेगळ्या असू शकतात, याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा नाही.

कुजबुज पुराव्याची जागा घेते तेव्हा काय होते, हे सांगायला कोल्हापूरला ऑस्ट्रेलियाकडे जाण्याचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी करवीरच्या गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज वेडे झाल्याचे सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवले होते. लोकांना ते खरे वाटत नव्हते; महाराजांचा छळ चालला आहे, अशी भावना होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर शस्त्र उपसले, पण हाती आलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर विशीतल्या महाराजांचा अंत झाला. ज्यांनी आवाज उठवायचा ते खोट्या कागदांनी आधीच पोळले होते. ज्यांच्या हाती चौकशी होती ते रक्षकाच्या बाजूचे होते. गादीला वारस म्हणून १८८४ साली जो मुलगा दत्तक आला, त्यानेच पुढे खासबाग बांधले. राजाच्या मरणाची शंकाही या शहराने अशी एकशे चाळीसहून अधिक वर्षे पोटात बाळगली आहे, कारण वेळेवर, निःपक्ष हातांनी, सर्वांसमक्ष कारण ठरवले गेले नाही. पुरावा खोटा असला तर खरी तक्रारही मरते, आणि चौकशी आपल्याच माणसाला वाचवायला बसली तर खरा निष्कर्षही कोणी मानत नाही. या दोन्ही गोष्टी कोल्हापूरकराला दुसऱ्या कोणी शिकवायला नकोत.

विरोधी बाजूकडे यावर एक चोख उत्तर आहे, आणि ते बॉब वूल्मरचे. कानपूरला जन्मलेला, इंग्लंडकडून १९ कसोटी खेळलेला हा माणूस २००७ च्या विश्वचषकात पाकिस्तानचा प्रशिक्षक होता. १७ मार्चला आयर्लंडने पाकिस्तानला हरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी जमैकातल्या किंग्स्टनच्या हॉटेलात तो बेशुद्ध सापडला आणि गेला. चार दिवसांत पोलिसांनी गळा दाबून खून झाल्याचे जाहीर केले. तपासाचा चेहरा होता मार्क शील्ड्स, स्कॉटलंड यार्डमधून तिथे गेलेला अधिकारी. म्हणजे रहस्यकथेतला इन्स्पेक्टर खरोखरच अवतरला होता. पाकिस्तानी खेळाडूंच्या बोटांचे ठसे घेतले गेले, सट्टेबाजांपासून विषापर्यंत सगळे छापून आले. जूनमध्ये पोलिसांनीच सांगितले की मरण नैसर्गिक होते. नोव्हेंबरमध्ये ज्युरीने खून, अपघात, नैसर्गिक असे काहीच निश्चित न म्हणता प्रश्न उघडा ठेवला. एका संघाच्या तोंडाला नाहक काळे फासले गेले. मग हाच का तुमचा आदर्श, असे मला विचारता येईल.

विचारावेच. पण चूक कुठे झाली ते आधी पाहावे. चूक तपास केल्याची नव्हती. तपास पुरा होण्याआधी निष्कर्ष जाहीर केल्याची होती, एका शवविच्छेदकाच्या एका मतावर जगाला गोष्ट सांगून टाकल्याची होती. आणि ती चूक सुधारली कोणी? ब्रिटन, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तज्ज्ञांनी तेच अहवाल, तीच चित्रे पुन्हा तपासली, गळ्यातले हाड मोडल्याचा दावा क्ष-किरणांशी ताडून पाहिला आणि तो टिकला नाही. म्हणजे कागद होते, छायाचित्रे होती, नमुने राखलेले होते, म्हणून खोटा आरोप तीन महिन्यांत कोसळला. हेच मरण कारणाच्या नोंदीविना दफन झाले असते तर पाकिस्तानी संघावरचा डाग आज पिढ्यान्‌पिढ्या टिकला असता. ज्युरीचा अनिर्णय मला दोष वाटत नाही. ‘पुराव्यावरून ठरवता येत नाही’ असे अकरा सामान्य नागरिकांनी लिहून देणे, हे ‘देवाची करणी’ म्हणण्यापेक्षा आणि ‘घात झाला’ म्हणण्यापेक्षाही प्रामाणिक आहे.

आता पंचनाम्याकडे. अचानक वा संशयास्पद मरणाची दखल घेणारे कलम आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७४, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १९४. पोलिसांनी जागेवर जाऊन, दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष, दिसणारे कारण लिहायचे आणि शंका असेल तर शव तपासणीला पाठवायचे. मुंबईत तर कोरोनरची व्यवस्था १९९९ पर्यंत होती. इंग्रजी कथेतली ती संस्था आपल्या राज्यात शंभरावर वर्षे नांदली, म्हणून तिला परकी म्हणणे फारसे टिकत नाही. प्रश्न कलमाचा नाही, ते कसे चालवले जाते याचा आहे. ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते, पंच म्हणून मैदान भरवणाऱ्यांपैकीच कोणी सही करतो, व्हिसेरा राखला जातो, आणि महिन्यांनी आलेला अहवाल फाइलीत लागतो. मैदानात पैलवान गेला तर पंच त्या गावचे, त्या तालमीचे, यात्रा कमिटीचे असू नयेत, एवढी साधी अपेक्षाही करू नये?

घरच्यांचे दुःख मात्र वेगळे तोलावे लागते. ज्या शरीराला बापाने दूध-तुपावर, कर्ज काढून वाढवले, त्याला कापू नका असे आई म्हणते, तेव्हा कलमाचा आकडा तिच्या तोंडावर फेकणारा माणूस मला नको आहे. पण तिला कोणी नीट सांगतच नाही हे खरे दुखणे आहे. धाकट्या मुलाचा जीव यात गुंतलेला असू शकतो, आणि विम्याचा वा मदतीचा दावा कारणाशिवाय अडतो, हे तिला कळले तर ती काय ठरवील ते आपण आधीच गृहीत धरू नये. गावचा सरपंच, वस्ताद आणि रुग्णालयातला डॉक्टर यांनी त्या घरी एकत्र जाऊन बसावे, आणि अहवाल आला की त्यातले मराठीत सांगावे. आज तो अहवाल बहुधा त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही.

पैशाचा आक्षेप मी फार वेळ घेणार नाही. लहान गावची यात्रा वर्गणीवर चालते हे खरे. पण ज्या मैदानात पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीला लाखाचे इनाम, बाहेरच्या राज्यांतून आणलेले मल्ल, निवेदक, मंडप आणि कर्णे परवडतात, तिथे एक रुग्णवाहिका आणि एक डॉक्टर परवडत नाही हे मी मान्य करणार नाही. इनामाच्या यादीतली शेवटची दोन बक्षिसे कमी करावीत, एवढे ते सोपे आहे.

राहिला वाङ्मयाचा मुद्दा, ज्यावरून हे सारे निघाले. मराठी वाचकाला रहस्यकथा परकी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय यांना घराघरांत नेले. आपल्या लेखकांनी त्या कथेतून पाठलाग, वेषांतर आणि पिस्तूल उचलले. शवविच्छेदनाची खोली आणि साक्षीदाराची उलटतपासणी फारशी उचलली नाही. म्हणून कुस्तीवरचे आपले लेखन एकतर वीररसात न्हाते, नाहीतर तालमी ओस पडल्याच्या दुःखात. मैदानात मेलेल्या पैलवानाचे कारण पानापानांतून शोधणारी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. तिच्यात खुनी नसला तरी चालेल; माती किती खणली होती हे विचारणारा फौजदार असावा, उत्तर टाळणारा वस्ताद असावा, आणि घरी जाऊन जिभेखालची गोळी थुंकणारा धाकटा भाऊ असावा. अशी गोष्ट वाचलेला माणूस पुढच्या वर्षी यात्रा कमिटीच्या बैठकीत बसेल तेव्हा इनामाची यादी वाचून झाल्यावर विचारील की मागच्या मैदानात गेलेल्या पोराचा अहवाल आला का, त्यात काय लिहिले आहे, आणि तो वाचून होईपर्यंत या वर्षीच्या जोडी ठरवायच्या नाहीत असा ठराव कोण मांडतो.